गोचिडांपासून होणारे रोग : भीती किती, सावधगिरी किती?

पावसाळा सरून रानातील पायवाटा कोरड्या झाल्या म्हणजे दादरा व नगर हवेलीच्या जंगलात माणसांची वर्दळ वाढू लागते. सरपण, मोहाची फुले, टिंबरूची पाने, डिंक यांसाठी वारली, कोकणा, काथोडी आदी समाजांतील स्त्री-पुरुष रानात जातात. आमली-सेलवासच्या कारखान्यांतील कामगार सुटीच्या दिवशी खानवेल, दुधनी व मधुबन जलाशयाच्या बाजूस फिरावयास निघतात. शाळांच्या निसर्गसहलीही याच दिवसांत होतात. या प्रदेशाचे सुमारे चाळीस टक्के क्षेत्र वनांखाली असल्यामुळे रान हा येथील जीवनाचा नित्याचा भाग आहे.

याच काळात ‘माकडताप’, ‘काँगो ताप’ किंवा ‘स्क्रब टायफस’ अशा रोगांच्या बातम्या कानी येतात. त्यांत गोचिडाचा उल्लेख असतो. मग दोन प्रकारची माणसे दिसून येतात. काही जण रानात पाऊल टाकावयासच भितात. काही जण मात्र ‘आमच्या वाडवडिलांना गोचीड काय कमी चावले?’ असे म्हणून सर्वच गोष्टी हसण्यावारी नेतात. पहिल्या वृत्तीने गरिबाची रोजी बुडते व मुलांचा निसर्गाशी असलेला संबंध तुटतो. दुसऱ्या वृत्तीने साधा वाटणारा ताप अंगावर काढला जातो आणि वेळीच औषध मिळाल्यास वाचू शकणारा जीव जातो. यास्तव गोचिडाचा धोका नेमका किती, कोणास, कोठे आणि केव्हा, याचा विचार शांतपणे करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

गोचीड कसा जगतो?

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी व विंचू यांच्या कुळातील प्राणी आहे. त्याच्या आयुष्याच्या चार अवस्था असतात : अंडे, सहा पायांची अतिसूक्ष्म पहिली अवस्था, आठ पायांचे पिल्लू आणि पूर्ण वाढ झालेला गोचीड. अंड्यातून बाहेर पडल्यावर पुढील अवस्थेत जाण्यासाठी त्यास दर वेळी रक्ताची आवश्यकता असते. उंदीर, खारी, घुशी, पक्षी, माकडे, गुरे, कुत्री हे त्याचे नेहमीचे यजमान होत. माणूस हा त्याच्या वाटेत योगायोगाने सापडणारा यजमान आहे.

गोचिडास पंख नाहीत आणि त्यास उडीही मारता येत नाही. झाडावरून तो माणसाच्या अंगावर झेप घेतो, ही समजूत खरी नाही. गवताच्या पात्यावर, झुडपाच्या टोकाशी किंवा पाचोळ्यात तो पुढचे पाय पसरून वाट पाहत बसतो. जवळून जाणाऱ्या प्राण्याचा श्वास व अंगाची ऊब त्यास जाणवते आणि स्पर्श होताच तो अंगास चिकटतो. नंतर तो मऊ कातडीची जागा शोधत वर चढतो. या एका गोष्टीवरून पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. मोकळ्या, रुंद वाटेवरून चालणाऱ्यास गोचीड लागण्याची शक्यता अल्प असते. गवतातून वाट काढणाऱ्यास ती अधिक असते. पाचोळ्यात तासन् तास बसून काम करणाऱ्यास ती सर्वांत अधिक असते.

चावा म्हणजे रोग नव्हे

गोचीड चावला म्हणजे रोग झालाच, असे समजण्याचे कारण नाही. रोग होण्यासाठी अनेक गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात. त्या भागात रोगाचा विषाणू किंवा जंतू मुळात अस्तित्वात असावा लागतो. चावणारा गोचीड तो रोग वाहणाऱ्या जातीचा असावा लागतो. त्या जातीतील नेमका तोच गोचीड बाधित असावा लागतो. शिवाय रोगबीज शरीरात उतरण्याइतका वेळ तो चिकटून राहावा लागतो. यांतील एक जरी कडी तुटली तरी साखळी पूर्ण होत नाही. म्हणून बहुतेक गोचीडदंश थोडी खाज, थोडी सूज एवढ्यावरच थांबतात.

चिकटून राहण्याच्या वेळेबाबत एक उदाहरण देण्याजोगे आहे. अमेरिका व युरोप येथे ‘लाइम’ नावाचा गोचीडजन्य रोग फार आढळतो. त्या रोगाचा जंतू माणसाच्या शरीरात जाण्यास गोचीड सामान्यतः एक ते दीड दिवस चिकटून राहावा लागतो. त्यामुळे रोज सायंकाळी अंग तपासून गोचीड काढून टाकणाऱ्यास त्या रोगाचे भय फारसे राहत नाही. विषाणूंच्या बाबतीत मात्र इतका निश्चिंत भरवसा देता येत नाही. तेथे रोगबीज बरेच लवकर उतरू शकते. म्हणून ‘दिसताच काढा’ हा नियम सर्वांसाठी उत्तम होय.

माकडतापाची हकीकत

आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध गोचीडजन्य रोग म्हणजे माकडताप. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा (आजचा शिवमोग्गा) जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली व त्याच सुमारास गावकऱ्यांना तीव्र ताप येऊ लागला. माकडे मरतात म्हणून हा पीतज्वर तर नव्हे, अशी शंका प्रथम घेण्यात आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तपास केला. तेव्हा हा एक नवाच विषाणू असून रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंशी त्याचे नाते आहे, असे आढळून आले. जंगलाच्या नावावरून त्यास ‘क्यासनूर जंगल रोग’ असे नाव मिळाले.

या रोगाचा मुख्य वाहक हिमाफायसॅलिस जातीचा जंगली गोचीड असून माणसास बहुधा त्याचे पिल्लू चावते. ही पिल्ले साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत क्रियाशील असतात. म्हणून रुग्णही मुख्यतः डिसेंबर ते मे या काळातच आढळतात. बाधित माकड मेले म्हणजे त्याच्या अंगावरील गोचीड खाली उतरतात व तेवढ्या जागेत रोगाचा धोका एकाएकी वाढतो. माकडे या रोगाची शत्रू नसून त्याची पहिली बळी आहेत. त्यांचा मृत्यू हा माणसांसाठी धोक्याचा घंटानाद समजावा. त्यांना हुसकावून किंवा मारून रोग आटोक्यात येत नाही.

पुढे अनेक वर्षे हा रोग कर्नाटकापुरताच मर्यादित राहिला. नंतर तामिळनाडूतील निलगिरी, २०१३ मध्ये केरळातील वायनाड, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली हे गाव आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातील केर हे गाव, असा त्याचा आढळ वाढत गेला. पाठोपाठ सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण आढळले. गोवा व सिंधुदुर्ग येथील बाधितांत काजूच्या बागांत काम करणारे पुष्कळ होते. काजूचा हंगाम आणि गोचिडाच्या पिल्लांचा हंगाम एकच असतो. काजू वेचणारा माणूस वाकून, पाचोळ्यात हात घालून, दिवसाचे अनेक तास व हंगामाचे अनेक आठवडे काम करतो. वाटेने जाणारा प्रवासी आणि हा मजूर यांचा धोका एकाच मापाने मोजता येणार नाही.

या रोगात चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप येतो. डोके व अंग असह्य दुखते, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींना नाकातून वा हिरड्यांतून रक्तस्राव होतो. काही रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो व मेंदूवर परिणाम दिसतो. दगावण्याचे प्रमाण सामान्यतः शंभर रुग्णांत तीन ते पाच असते, काही उद्रेकांत ते याहून अधिक आढळले आहे. यावर खास असे औषध नाही. मात्र वेळीच रुग्णालयात दाखल होऊन द्रव, विश्रांती व रक्तस्रावावर उपचार मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात. हा रोग एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. पूर्वी वापरात असलेल्या लसीची परिणामकारकता अपुरी आढळल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. म्हणून गोचिडापासून अंगाचे रक्षण हाच तूर्त मुख्य उपाय होय.

गुरांच्या गोचिडाचा रोग : काँगो ताप

दुसरा रोग गुजरातमधून आपल्या परिचयाचा झाला. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यातील कोलाट गावी क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा रुग्ण आढळला. भारतात या रोगाचे निश्चित निदान होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या रुग्ण स्त्रीबरोबरच तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांचाही मृत्यू झाला. त्यानंतर गुजरातच्या इतर काही जिल्ह्यांतही रुग्ण आढळले. २०२० मध्ये गुजरातच्या सीमेवरील पालघर जिल्हा प्रशासनाने या रोगाविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता.

या रोगात दगावण्याचे प्रमाण शंभरात दहा ते चाळीस असते आणि रुग्णाच्या रक्ताच्या संपर्काने तो दुसऱ्यास होऊ शकतो. म्हणून तो गंभीर आहे. परंतु त्याचा वाहक असलेला हायलोमा जातीचा गोचीड मुख्यतः गुरे, शेळ्या, मेंढ्या व उंट यांच्या अंगावर जगतो. तेव्हा याचा धोका जंगलवाटेने जाणाऱ्यापेक्षा गुराखी, दूध काढणारे, जनावरांची कत्तल करणारे, पशुवैद्यक आणि रुग्णसेवा करणारे यांना अधिक असतो. गोठ्यातील गोचीड नखांवर चिरडण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडून देणे हा या रोगापासून बचावाचा सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे.

दोन जंतुजन्य ताप

कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचिडापासून ‘गोचीडज्वर’, म्हणजे इंडियन टिक टायफस, होऊ शकतो. यात ताप व डोकेदुखीबरोबर अंगावर पुरळ येते आणि ते तळहात व तळपायांवरही दिसते. हा रोग घराच्या अंगणातही होऊ शकतो, त्यासाठी रानात जावे लागत नाही.

स्क्रब टायफस हा गोचिडाचा रोग म्हणून सांगितला जातो, तथापि तो गोचिडापासून होत नाही. झुडपे व गवत यांत राहणाऱ्या ‘चिगर’ नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या पिल्लापासून तो होतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम व ब्रह्मदेशच्या आघाडीवरील सैनिकांना या रोगाने बेजार केले होते. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भातील इतर भागांत त्याचा मोठा उद्रेक होऊन मृत्यूही झाले. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तो अधिक आढळतो. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा खपलीचा डाग काही रुग्णांत दिसतो. तो काखेत, जांघेत किंवा कमरेशी दडलेला असतो, म्हणून मुद्दाम शोधावा लागतो.

या दोन्ही रोगांची चांगली बाजू अशी की डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या व स्वस्त औषधाने ते बरे होतात. वाईट बाजू अशी की ते ओळखले न गेल्यास, औषधास उशीर झाल्यास, फुफ्फुसे, मूत्रपिंड व मेंदू यांवर परिणाम होऊन रोगी दगावू शकतो. औषध अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते. रोग्याने आपण रानात वा गवतात गेलो होतो एवढे डॉक्टरांना सांगितले तरी निदानाची निम्मी वाट सोपी होते.

आकड्यांची भाषा

धोक्याचा अंदाज घेताना दोन निरनिराळ्या संख्या एकमेकींत मिसळल्या जातात. रोग झालेल्यांपैकी किती दगावतात ही एक संख्या आणि एकूण लोकांपैकी किती जणांना रोग होतो ही दुसरी. पहिली संख्या मोठी असूनही दुसरी अगदी लहान असू शकते. बातमीत बहुधा पहिलीच संख्या ठळकपणे येते व वाचकाच्या मनात भीती घर करते.

माकडतापाचे उदाहरण घेऊ. देशात त्याचे दरवर्षी सरासरी चारशे ते पाचशे रुग्ण होतात, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. शंभरात तीन ते पाच या हिशेबाने बारा ते पंचवीस मृत्यू होतात. याउलट २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे प्रमाण माकडतापाच्या मृत्यूंच्या दोन हजार पटींहून अधिक आहे. वीज पडूनही देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. रानात जाणाऱ्याने बूट घालावा, काठी व विजेरी बाळगावी, ढग गडगडू लागताच उंच एकाकी झाडाखाली थांबू नये, या साध्या गोष्टींनी वाचणारे जीव त्यामुळे कितीतरी अधिक आहेत.

मात्र सरासरीच्या या आकड्यावर विसंबून गाफील राहणेही योग्य नाही. देशाच्या एकशे चाळीस कोटी लोकसंख्येत पाचशे रुग्ण म्हणजे साधारण तीस लाखांमागे एक, हे गणित बरोबर आहे. पण रुग्ण सर्व देशभर सारखे विखुरलेले नसतात. ते मूठभर गावांत एकवटलेले असतात. समजा, दोन हजार वस्तीच्या एखाद्या गावात एका हंगामात वीस रुग्ण झाले, तर तेथे शंभरामागे एक असे प्रमाण होते. देशाच्या सरासरीच्या ते सुमारे तीस हजार पट आहे. त्या गावच्या मजुरास ‘धोका तीस लाखांत एक’ असे सांगणे म्हणजे त्याची फसवणूक होय. तसेच, दूरच्या जिल्ह्यातील सहलकऱ्यास ‘शंभरात एक’ असे सांगणे म्हणजे त्यास विनाकारण घाबरविणे होय. म्हणून धोक्याचा आकडा ऐकताच ‘कोणाचा? कोठला? कोणत्या महिन्यातला?’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

हवेलीतील पायी फिरणाऱ्यापुढील चित्र

हे तीन प्रश्न आपल्या प्रदेशास लावून पाहू. माकडतापाचे रुग्ण ज्या पट्ट्यात आढळले आहेत तो कर्नाटक, तामिळनाडू, केरळ, गोवा आणि सिंधुदुर्ग यांचा, म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिण भागाचा आहे. दोडामार्गपासून सेलवास सुमारे पाचशे किलोमीटर उत्तरेस आहे. तेव्हा खानवेलच्या वाटेवर माकड दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र येथील एखादा मजूर काजूच्या हंगामात गोव्यास किंवा सिंधुदुर्गास कामास जाऊन आला आणि त्यास ताप आला, तर ती गोष्ट डॉक्टरांस अवश्य सांगावी. प्रवास करणारा माणूस रोगाच्या भूगोलाची सीमा आपल्याबरोबर आणतो.

काँगो तापाचा विचार येथे गोठ्याच्या संदर्भात करावा, कारण गुजरातशी आपला गुरांचा व माणसांचा नित्य व्यवहार आहे. स्क्रब टायफसचा विचार पावसाळ्यानंतरच्या गवताळ दिवसांत करावा.

या सर्वांहून आपल्या परिसरात अधिक लक्ष द्यावे असा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून चिखलपाण्यात मिसळणारा त्याचा जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. दक्षिण गुजरातचे सुरत, नवसारी, वलसाड हे जिल्हे व दादरा-नगर हवेली या भातशेतीच्या पट्ट्यात पावसाळ्यात व त्यानंतर त्याचे रुग्ण आढळत आले आहेत. गोचिडाच्या भीतीने डिसेंबरात रानवाट टाळणारा, पण ऑगस्टमध्ये पायास जखम असता अनवाणी चिखलात उतरणारा माणूस लहान धोक्यास भितो व मोठ्याकडे पाठ फिरवितो. शिवाय गोचिडाची खरी मोठी हानी आपल्या गोठ्यात होत असते. थायलेरिया व बबेसिया या गोचीडजन्य रोगांनी, विशेषतः संकरित गाई आटतात व मरतात. ज्या कुटुंबाचा संसार एका दुभत्या गाईवर चालतो त्यास हा आघात माणसाच्या आजाराइतकाच जड जातो. संकरित जनावरांसाठी थायलेरियाची लस उपलब्ध आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची चौकशी करावी.

रानात जाताना व आल्यावर

पुढील सूचना सर्वांना पाळता येण्याजोग्या आहेत.

१. शक्यतो मळलेल्या वाटेच्या मधून चालावे. गवतात किंवा पाचोळ्यात थेट बसू वा निजू नये. गोणपाट किंवा घोंगडी अंथरावी व निघताना ती झटकावी.

२. अंगभर, फिकट रंगाचे कपडे घालावेत. फिकट कपड्यावर गोचीड चटकन दिसतो. पायजम्याचे किंवा पँटचे पाय मोज्यांत खोचावेत. साडी नेसणाऱ्या स्त्रियांनी पोटऱ्यांवर कापडी पट्टी किंवा लांब मोजे वापरावेत.

३. कीटक-प्रतिबंधक मलम वा तेल उघड्या अंगास लावावे. कर्नाटकात बाधित गावांतील लोकांना ‘डेपा’ तेल याच हेतूने वाटण्यात आले होते.

४. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून स्नान करावे आणि अंग तपासावे. कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत व गुडघ्याच्या मागे विशेष पाहावे. मुलांचे अंग मोठ्यांनी तपासावे.

५. गोचीड चिकटलेला आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून, न पिळता, सरळ वर ओढावा. चिमटा नसल्यास बोटांस कापड किंवा कागद गुंडाळावा. रॉकेल, चुना, तंबाखू, तेल लावू नये व विडीचा चटका देऊ नये. अशाने गोचीड सुटण्यास वेळ लागतो आणि त्याची लाळ जखमेत अधिक उतरण्याचा संभव असतो. काढलेला गोचीड चिरडू नये. तो साबणाच्या पाण्यात बुडवून मारावा. जागा व हात साबणाने धुवावेत.

६. तारीख व ठिकाण लिहून ठेवावे. पुढील तीन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी, पुरळ, काळा डाग किंवा रक्तस्राव यांपैकी काही आढळल्यास त्वरित आरोग्य केंद्रात जावे व ही नोंद दाखवावी. ताप नसेल तर केवळ चाव्यासाठी औषध घेण्याची गरज सामान्यतः नसते.

७. रानात माकड मेलेले आढळल्यास त्यास स्पर्श करू नये, जवळ थांबू नये. वनरक्षक किंवा आरोग्यसेवकास ताबडतोब कळवावे.

अधिकारी व कार्यकर्त्यांसाठी

गोचीडजन्य रोगाची शंका येताच रानात जाण्यावर सरसकट बंदी घालण्याकडे कल होतो. बंदीने गौण वनोपजावर जगणाऱ्या कुटुंबाचे पोट भरत नाही. ती माणसे मग लपूनछपून रानात जातात व आजारी पडल्यास तेही लपवितात. असे होऊ देण्यापेक्षा नेमकी जागा, नेमका काळ व नेमका उपाय लोकांस सांगणे अधिक हितावह आहे. मेलेले माकड आढळलेल्या जागेपुरती मनाई, तेथे कीटकनाशकाची फवारणी, आसपासच्या पाड्यांत तापाच्या रुग्णांचा शोध व रानात कामास जाणाऱ्यांस प्रतिबंधक तेलाचे वाटप या गोष्टी एकाच वेळी व्हावयास हव्यात. त्यासाठी वन, पशुसंवर्धन व आरोग्य या तिन्ही विभागांनी एकमेकांस त्याच दिवशी कळविण्याची प्रथा पाडावी. लोकांस सूचना देताना ती त्यांच्या बोलीत, पाड्यावर जाऊन द्यावी. छापील पत्रक वाचता न येणारा मजूरच बहुधा सर्वांत अधिक धोक्यात असतो.

शाळेत घेण्याजोगा पाठ

हा विषय शिक्षकांना दोन तासिकांत शिकविता येईल. पहिल्या तासिकेस विद्यार्थ्यांकडून गोचिडाचे जीवनचक्र काढून घ्यावे व ‘गोचीड उडी मारतो’, ‘चुना लावल्याने गोचीड सुटतो’ अशा समजुतींची यादी करून त्यांची शहानिशा करावी. दुसऱ्या तासिकेस पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी.

अ) एका रोगात शंभर रुग्णांत तीस दगावतात, पण वर्षात दहाच जणांना तो होतो. दुसऱ्या रोगात शंभरात एकच दगावतो, पण वर्षात दहा हजार जणांना तो होतो. कोणत्या रोगाने अधिक माणसे मरतील? सरकारने कोणत्या रोगाकडे कसे लक्ष द्यावे? (पहिल्यात तीन, दुसऱ्यात शंभर मृत्यू होतील, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. दुसऱ्या प्रश्नास एकच उत्तर नाही.)

आ) आपल्या गावातील गुराखी, सरपण आणणारी बाई, सहलीस आलेला शहरी पाहुणा आणि घरी राहणारे आजोबा यांपैकी गोचीडदंशाचा धोका कोणास अधिक व का?

इ) आपल्या पाड्यातील बारा महिन्यांचे आरोग्य-पंचांग तयार करा. कोणत्या महिन्यात साप, कोणत्या महिन्यात वीज, कोणत्या महिन्यात चिखलाचा ताप व कोणत्या महिन्यात गोचीड यांपासून जपावे, ते त्यात दाखवा.

हे पंचांग वर्गाच्या भिंतीवर लावावे व ग्रामसभेच्या दिवशी पालकांस दाखवावे. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांकडून माहिती घेतल्यास त्यात बरीच मोलाची भर पडेल, कारण कोणत्या ओढ्याकाठी केव्हा गोचीड अधिक असतात हे रानात वावरलेल्या वृद्धांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

सारांश, आपल्या भागात रानवाटेने चालणाऱ्यास गोचीडजन्य रोगाचा धोका आहे, पण तो अल्प आहे. साध्या सवयींनी तो आणखी कमी करता येतो. जो माणूस रोज रानात राबतो किंवा गुरांत वावरतो त्याचा धोका अधिक आहे, म्हणून सूचना, तेल व औषध प्रथम त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. सहलीहून आल्यावर मुलांचे अंग तपासावे, गोठ्यातील गोचीड नखाने चिरडू नये आणि रानातून आल्यानंतरचा ताप दोन दिवसांहून अधिक अंगावर काढू नये. एवढे पथ्य प्रत्येक घराने पाळल्यास रानाची वाट सोडण्याची वेळ कोणावरही येणार नाही.